चार मणांचं पोतं किती किलोचं?

गेल्या जुलैमध्ये मी कराडला खोलीवर व्यायामासाठी वाळूची पिशवी भरली. जवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ती बरोबर ४० किलो भरली. यंदा मे महिन्यात तीच पिशवी, मधे एकदाही न उघडता, त्याच काट्यावर ठेवली तर आकडा आला ३८ च्या जरा वर. शिवण कुठे उसवलेली नव्हती, खोलीत वाळू सांडलेली नव्हती. हे दोन किलो गेले कुठे हे शोधता शोधता माझ्या पीएच.डी.मधली एक मोठी चूक हाताला लागली. तुमच्यापैकी ज्यांची पेट होऊन गेलीय, गाइडची शोधाशोध चालू आहे आणि सिनॉप्सिसमध्ये 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली काय लिहावं हे सुचत नाहीये, त्यांच्यासाठी ही हकीकत लिहून ठेवते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केली आणि मग इतिहासाकडे वळले. विषय आहे सातारा-सांगली भागातली व्यायामाची जुनी साधनं आणि त्यांची वजनं. विषय निवडण्यामागे घरचं एक कारण होतं, ते मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं नव्हतं. आमचं गाव पाटण तालुक्यात. आबा, म्हणजे माझे आजोबा, पन्नासच्या दशकात मुंबईला मसजिद बंदरला हमालीला गेले. घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, आत्याच्या तोंडून तर हजार वेळा: "आबा चार मणांचं पोतं एका दमात खांद्यावर घ्यायचे." मी पाहिलेले आबा कमरेत वाकलेले होते, त्यांना ताठ बसता यायचं नाही. त्यावर घरात एकच उत्तर असायचं, "वात आहे."

तर माझा पहिला संशोधन प्रश्न होता, चार मण म्हणजे किती किलो?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सोपा वाटतो, मलाही वाटला. रूपांतराचा आकडा शोधायचा आणि गुणायचं. अडचण अशी की आकडे दोन निघाले. मुंबईचा मण ४० शेरांचा, २८ पौंडांचा, म्हणजे साधारण १२.७ किलो. रेल्वेचा म्हणून ओळखला जाणारा बंगाली मणही ४० शेरांचाच, पण ८२ पौंडांच्या जरा वर, म्हणजे ३७.३ किलो. शेरच वेगळा, त्यामुळे मण वेगळा. आता चारनं गुणा. एका हिशेबानं पोतं ५१ किलोचं, दुसऱ्या हिशेबानं १४९ किलोचं! आणि हे दोनच मण होते असंही नाही. गावाकडे धान्याचा मण मापाचा असायचा, कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. माप आकारमानाचं असतं, त्यामुळे एक मण ज्वारी आणि एक मण भात यांचं वजन सारखं असण्याचं काही कारण नाही.

वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो बाजारात आला. आबा मुंबईत उतरले ते नेमके याच संधिकाळात. त्या काळातल्या माणसानं 'मण' म्हटलं तर त्याच्या डोक्यात कुठला मण होता, हे कागदावरून ठरवता येत नाही. तुम्ही तोंडी इतिहासावर काम करणार असाल तर ही गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. मुलाखतीत आकडा मिळाला की आपण खूश होतो. पण आकड्यामागचं एकक विचारायचं राहून जातं, आणि मुलाखत देणारी व्यक्ती पुढच्या वर्षी असेलच असं नसतं.

मी दुसऱ्या बाजूनं शोध घ्यायचं ठरवलं. तालमीतल्या वजनांचा काही लिखित पुरावा मिळतो का? मिळतो, आणि भरपूर मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात मल्लांच्या श्रमांची यादी आहे: भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम वगैरे. म्हणजे ओझं, चाल, पोहणं, खांब. मल्लपुराणात 'गोणितक' नावाचा एक व्यायाम येतो. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी जवळजवळ उडीच मारली. गोणी! वाळूची गोणी! बाराव्या-तेराव्या शतकापासून सँडबॅग! दोन दिवस मी याच धुंदीत होते. मग कळलं की त्याचा अर्थ मोठं दगडी कडं असा लावतात, आपण ज्याला नाल म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी. नुसत्या ध्वनीच्या साम्यावर शब्दांचं नातं लावू नका. हे मला भाषेच्या एका अभ्यासक मैत्रिणीनं सांगितलं, फार प्रेमानं नाही.

द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' हा दहा खंडांचा मराठी ग्रंथ तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात असेल तर एकदा हातात घ्याच. जोर, बैठका, मलखांब, जोडी, करेल, नाल, काय नाही त्यात. १९३० आणि ४० च्या दशकांत एवढं काम मराठीत झालं आणि आपण संदर्भ मात्र इंग्रजी पीडीएफचे देतो, याची मला जरा लाज वाटली.

सातारा जिल्ह्याचा याच काळातला दुसरा धागा औंधचा. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध आहेत, त्यांनी ते संस्थानच्या शाळांमध्येही नेले. पण त्याआधी, १८९७ च्या सुमाराला, त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध बलवानाची साधनं आणि पुस्तकं मागवली होती आणि जवळपास दहा वर्षं त्या पद्धतीनं व्यायाम केला होता. त्या काळातले बारबेल आजच्यासारखे चकत्यांचे नसायचे. दांड्याच्या दोन टोकांना पोकळ लोखंडी गोळे असायचे आणि त्यात वाळू किंवा शिशाच्या गोळ्या भरून वजन कमी-जास्त करायचे. म्हणजे रंगमंचावरच्या गोळ्यात नेमकं काय भरलंय हे प्रेक्षकांना कधीच दिसायचं नाही. बलवानांच्या त्या जगात आकड्यांवरून भांडणं का होत, हे यावरून समजतं. बाळासाहेब शेवटी ज्याला वजनच लागत नाही अशा व्यायामाकडे गेले. त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, पण गंमत वाटते खरी.

इकडे गावोगावच्या तालमींमध्ये वजन म्हणजे दगड. हिंदकेसरी मारुती मानेंच्या कवठेपिरानपासून खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपर्यंत हा सगळा कृष्णा-वारणेचा पट्टा कुस्तीचा. तालमीच्या किंवा मारुतीच्या देवळाच्या दारात एखादा गोल गुळगुळीत धोंडा पडलेला असतो. तो कुणी उचलला, कुणी नुसता गुडघ्यापर्यंत आणला, हे सगळ्या गावाला माहीत असतं. जतच्या पलीकडे उत्तर कर्नाटकात त्याला संग्राणी कल्लू म्हणतात. या दगडाचं किलोतलं वजन कुणालाच माहीत नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही. गावात तोच एक दगड, तोच सगळ्यांनी उचलायचा. तुलना माणसांची होते, दगडाचं वजन हवंय कशाला? सांगायला लाज वाटते, पण मी एका गावात वस्तादांना विचारलं, "याचं वजन किती असेल?" ते म्हणाले, "उचलून बघ की."

याच्या अगदी उलट टोकाला सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची सांगलीत चहा-पानाची टपरी. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ५५ किलो गटात ११३ आणि १३५, असं एकूण २४८ किलो उचललं. हाताच्या कोपराला दुखापत झाली आणि पुढचे प्रयत्न फसले. मलेशियाच्या खेळाडूचे झाले २४९. सुवर्ण आणि रौप्य यांत अंतर एका किलोचं. तिथे दांडा २० किलोचा म्हणजे २० किलोचाच असतो, चकत्या तपासलेल्या असतात, त्यामुळे त्या एका किलोला अर्थ आहे. माझ्या आबांच्या चार मणांत मात्र शंभर किलोंचा घोळ आहे.

इथवर आल्यावर माझ्या डोक्यात प्रयोगाची कल्पना आली. एम.एस्सी.ची खोड, दुसरं काय. पोतं भरून, उचलून बघायचं.

पहिला प्रयत्न हास्यास्पद होता. घरात ज्यूटचं एक रिकामं पोतं होतं, ५० किलो धान्याचं, ९४ सेंटिमीटर लांब आणि ५७ सेंटिमीटर रुंद. त्यात गहू जेवढा भरतात तेवढी वाळू भरली तर पोतं ५० किलोचं होईल, असं मी, भौतिकशास्त्राची पदव्युत्तर, गृहीत धरून चालले होते. गव्हाच्या ढिगाची घनता लिटरला पाऊण किलोच्या आसपास, कोरड्या वाळूची साधारण १.६ किलो. म्हणजे दुपटीहून जास्त. पोतं काठोकाठ भरलं असतं तर शंभरी ओलांडली असती. अर्ध्यावर आल्यावर मला ते जागचं हलेना, तेव्हा कुठे गणित आठवलं. शिवाय ज्यूटच्या विणीतून वाळू झिरपत होती ती वेगळीच.

तुम्हाला कुणाला खरंच व्यायामासाठी पिशवी भरायची असेल तर माझ्या चुकांमधून शिका. आधी वजन ठरवा, त्यावरून आकारमान काढा, मग पिशवी घ्या. ४० किलो वाळूला २५ लिटर जागा लागते. पिशवी त्याहून मोठी, म्हणजे साधारण ३५-४० लिटरची हवी. का, ते पुढे सांगते. बाहेरची पिशवी जाड ताडपत्रीची, ताडपत्रीच्या दुकानात दुहेरी शिवण मारून मिळते. आत जाड प्लास्टिकच्या लहान पिशव्या, प्रत्येकी दहा किलोच्या, एकीत एक अशा दोन-दोन, तोंड पिळून केबल टायनं आवळलेल्या. याचा फायदा असा की सुरुवातीला दोनच घालायच्या, पाठीला सवय झाली की तिसरी. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन्हीकडून बांधूनही लोक वापरतात, तो फाटत नाही, पण हातातून सटकतो. नदीची वाळू स्वतः उपसून आणू नका, ते बेकायदा आहे. बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात दोन-तीन घमेली विकत मिळते. चाळून घ्या, आणि चाळताना तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

आणि वाळवा! माझे दोन किलो इथेच गेले होते. जुलैत मी आणलेली वाळू हाताला कोरडी वाटत होती, पण तिच्यात पाच टक्के ओल असणार. ताडपत्रीतून दहा महिन्यांत ती उडून गेली. ४० मधून पाच टक्के पाणी गेलं की उरतात ३८ च्या वर, अगदी काट्यानं दाखवले तेवढेच. आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा मी वापरल्या नव्हत्या. स्थापत्यवाल्यांना माहीत असलेली आणखी एक गोष्ट: किंचित ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांना लागून बसत नाहीत आणि ढीग वीस-तीस टक्क्यांनी मोठा दिसतो. म्हणजे एक घमेलं ओलसर वाळू ही एक घमेलं कोरड्या वाळूपेक्षा हलकी भरू शकते. मापानं घेणारा फसतो तो असा. धान्याच्या मणाचं दुखणंही हेच होतं.

आता पिशवी पूर्ण का भरायची नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८५ मध्ये दाखवलं की घट्ट बसलेल्या वाळूचा आकार बदलायचा तर कणांना एकमेकांवर चढावं लागतं, म्हणजे तिला फुगायला जागा लागते. जागाच नसेल तर ती दगडासारखी वागते. काठोकाठ भरलेली पिशवी हा एक धोंडा. तिसरा हिस्सा रिकामा ठेवलात तर ती अंगावर लोळते, पकड सुटते, एका बाजूला घसरते. व्यायामाला हेच हवं असतं, कारण दर वेळी शरीराला नव्यानं तोल सावरावा लागतो. त्यामुळेच ४० किलोची सैल पिशवी ४० किलोच्या बारबेलपेक्षा कितीतरी जड वाटते. सुरुवात १५-२० किलोवर करा. कंबर वाकवून नाही, बैठकीत जाऊन उचला.

हा प्रयोग करताना माझ्या लक्षात आलं की धान्याचं भरलेलं पोतं आणि वाळूचं पोतं ही दोन वेगळी ओझी आहेत. वजन सारखं असलं तरीसुद्धा. शंभर किलो धान्याचं मोठं पोतं टम्म असतं, पाठभर पसरतं, जागचं हलत नाही. शंभर किलो वाळू त्याच पोत्यात अर्ध्यापर्यंतच येते आणि खाली लोंबते. म्हणजे मी वाळू भरून आबांच्या ओझ्याचा अंदाज घेत होते तो प्रयोगच चुकीचा होता. हे मी प्रगती अहवालात लिहिलं. सगळ्यांसमोर वाचताना कान तापले होते.

शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. गावी गेले आणि आबांच्या बरोबरीनं मुंबईला कामाला असलेल्या एका नानांकडे जाऊन बसले. वय नव्वदीच्या आसपास, ऐकायला कमी येतं. मी विचारलं, "नाना, आबा चार मणांचं पोतं उचलायचे, तो मण कुठला?"

"उचलत न्हवता," नाना म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"आगं पोरी, पोतं कुणी उचलत नसतंय. दोघं दोन्ही कडंनं धरून वर देत्यात, तिसरा पाठीवर घेतो. मग त्यानं जायचं, फळीवरनं गाडीत. चार मण आपलं म्हणायचं. लई जड म्हंजे चार मण. किलोचा काटा आला तवा शंभर दावायचा."

मग त्यांनीच मला विचारलं, "किती खेपा, ते का इचारत न्हाईस?"

एका गाडीला शंभर पोती, चौघांची टोळी, पाळीपाळीनं देणारे आणि वाहणारे बदलायचे. म्हणजे एकाच्या वाट्याला गाडीमागे पंचवीस खेपा. हंगामात दिवसाला दोन गाड्या. पन्नास खेपा, प्रत्येकी शंभर किलो. मी वहीत गुणाकार केला आणि दोनदा तपासला: पाच टन.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषानं हातानं वाहायचं ओझं ५५ किलोंच्या आत ठेवावं. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यामागे लढलेले अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे, आणि मुंबईच्या माथाडींमध्ये सातारा-सांगलीची माणसं मोठ्या संख्येनं होती. पण तो कायदा मुख्यतः नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांचा. पोतं शंभरावरून पन्नासावर यायला पुढे बराच काळ गेला. आज तुम्ही सिमेंटची किंवा गव्हाची जी ५० किलोची गोणी पाहता तिच्यामागे या सगळ्यांच्या पाठी आहेत. पेट झालेल्या मुलांनो, यावर मराठीत नीट काम झालेलं मला सापडलेलं नाही. कुणाला विषय हवा असेल तर घ्या. माझी हरकत नाही, उलट भेटा, माझ्याकडच्या मुलाखती देते.

माझ्या सिनॉप्सिसमधलं पहिलं उद्दिष्ट होतं, 'पारंपरिक वजनांचे आधुनिक एककांत रूपांतर करणे'. ते मी काढलेलं नाही, पण तिसऱ्या क्रमांकावर गेलंय. पहिलं आता खेपांबद्दल आहे: तालमीत माणूस दिवसातून किती वेळा वजन उचलायचा, गोदामात किती वेळा, आणि मधे किती थांबायचा. गाइड म्हणाले, हे मोजणार कसं? त्याचं उत्तर अजून अर्धवटच आहे. टोळ्यांचे जुने हिशेब कुणाकुणाच्या घरी निघताहेत, ते गोळा करतेय.

आत्याला फोन करायचं मी बरेच दिवस टाळलं. चार मणांची गोष्ट खोटी निघाली असं कसं सांगायचं? शेवटी तिनंच विचारलं, "मग, किती भरलं गं आबांचं पोतं?"

"शंभर किलो," मी म्हणाले. "पण दिवसातून पन्नास वेळा."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तो वात नव्हताच."

पिशवी सध्या खोलीच्या कोपऱ्यात आहे. मार्करनं तिच्यावर लिहिलंय, '३८, मे'. पाऊस सुरू झाला की पुन्हा काट्यावर नेईन.